पाणी न पिणारं घड्याळ

सासऱ्यांना देवमाणूस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझे सासरे भाऊ देवमाणूस नव्हते, हट्टी होते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. पण ही गोष्ट त्यांची नाही. ही त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोची, म्हणजे आमच्या वनमालाकाकीची गोष्ट.

आजकाल कुणीही उठतो, मनगट पुढे करतो आणि सांगतो, माझं घड्याळ वॉटरप्रूफ आहे. असेल बापडं. कारखान्यातून तसंच आलेलं, त्यात तुझी काय मर्दुमकी? आमच्या काकीने जुनी, म्हातारी, पाण्याचा थेंब दिसला की प्राण सोडणारी घड्याळं घाटकोपरच्या एका खोलीत बसून पाण्यात उतरवली आणि जिवंत बाहेर काढली. मी बढाई मारते आहे असं वाटत असेल तर वाटू दे. ज्याच्या घरात मारण्याजोगी बढाई आहे त्याने ती मारावी, बाकीच्यांनी ऐकावी.

मी लग्न होऊन घाटकोपरला आले ते १९५३ साली. घाटकोपर मुंबईच्या महापालिकेत जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आम्ही अजूनही 'जरा मुंबईला जाऊन येतो' असंच म्हणायचो. बैठ्या चाळीच्या टोकाला नेरूरकरांच्या तीन खोल्या. भाऊ एका कचेरीत हेडक्लार्क, खोल्या त्यांच्या नावावर, म्हणून घरात शब्दही त्यांचा. धाकटे अण्णा घड्याळजी. रस्त्याकडच्या खोलीत दाराला लागून त्यांचं टेबल, टेबलावर काचेची पेटी, पेटीत टांगलेली घड्याळं, आणि मागे एक निळा पडदा. अण्णा खुर्चीवर बसायचे. गिऱ्हाईक आलं की डोळ्याला भिंग लावायचे, घड्याळ कानाशी धरायचे, थोडा वेळ गंभीर व्हायचे आणि म्हणायचे, "मंगळवारी या." अख्ख्या गल्लीचा अण्णांच्या हातावर विश्वास.

मला सासरी येऊन आठवडा झाला नसेल तेव्हा कळलं, की घड्याळं अण्णा दुरुस्त करतच नाहीत.

चार वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण उजव्या हाताला कंप ठेवून गेला. चहाची बशी धरली तर चहा सांडायचा, मग केसाएवढी स्प्रिंग कसली धरतायत! काकीला त्यांच्याजवळ बसून बसून थोडंफार येत होतं. तिने चिमटा उचलला, आधी भिंतीवरचं घड्याळ खोलून पाहिलं, मग अण्णांचं स्वतःचं, मग गिऱ्हाइकांची. अण्णा शेजारी बसून सांगायचे, ती करायची. वर्षभरात सांगायची गरज उरली नाही. तेव्हापासून घड्याळ पडद्याच्या पुढून आत जायचं, बरं होऊन बाहेर यायचं, आणि शाबासकी पडद्याच्या पुढेच राहायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, घराबाहेर कुणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं भाऊ म्हणत.

अण्णा वाईट नव्हते हो. मऊ माणूस. पण हात गेला हे सांगायची त्यांना लाज वाटायची आणि एकदा लपवलेली गोष्ट रोज लपवावी लागते.

काकीला शाबासकी नको होती. तिचं मागणं फार साधं होतं. पडद्यामागच्या खोलीला एकच खिडकी, ती शेजारच्या चाळीच्या भिंतीवर उघडायची. दिवसाही पिवळा दिवा लावून बसावं लागे. तिचे डोळे लाल व्हायला लागले होते. तांदळातले खडे निवडताना ती ताट दारात घेऊन जायची, आणि संध्याकाळी कधीकधी माझ्याकडे सुई देऊन म्हणायची, "उत्तरा, ओव गं जरा, मला दोन दोरे दिसतायत." डॉक्टरांनी सांगितलं होतं, असल्या उजेडात काम चालू ठेवलंत तर डोळे जातील. आणि अण्णांच्या खुर्चीवर सकाळपासून स्वच्छ पांढरा उजेड पडायचा. तो अण्णांच्या पेपरावर वाया जायचा.

"मला तुमची खुर्ची नको," काकी अण्णांना म्हणायची, "मला तो उजेड हवा."

अण्णा भाऊंकडे बघायचे. भाऊ म्हणायचे, "नेरूरकरांची सून रस्त्यावर टेबल मांडून बसणार? लोक म्हणतील, अण्णा बायकोच्या जिवावर जेवतो." जेवत होतेच ना! मी नवी सून होते म्हणून तेव्हा गप्प बसले. फार दिवस बसले नाही, पण ते असो.

पुढच्या वर्षी आषाढात सहदेव आला.

सहदेव म्हणजे पाणीखात्यातला चावीवाला. उंच, काळा, मालवणकडचा, राहायला कांजूरमार्गला. रस्त्यात खड्डे असायचे, खड्ड्यांत नळांचे व्हॉल्व्ह, आणि हा खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते उघडत आणि बंद करत फिरायचा. आधी खालच्या गल्ल्यांना पाणी, मग ते बंद करून टेकडीवरच्या वस्तीला. खालचं वेळेवर बंद झालं नाही की वर जोर पुरत नसे आणि टेकडीवरच्या बायका कोरडे हंडे घेऊन बसून राहत. म्हणजे वरच्या शे-दोनशे घरांची चूल सहदेवच्या मनगटावर अवलंबून. आणि मनगटावरचं घड्याळ आठवड्याआड बंद.

"अण्णानू, ह्या परत पाणी प्याला," म्हणत त्याने ते टेबलावर ठेवलं. पहिल्या लढाईच्या वेळचं, जाड चांदीच्या डबीचं घड्याळ. त्याच्या वडिलांना कुणा गोऱ्या साहेबाने दिलेलं. पाठीचं झाकण बिजागरीवर उघडणारं. काचेच्या आत पाण्याचे थेंब लोंबत होते.

अण्णा म्हणाले, "सहदेव, हे काही पाण्याचं घड्याळ नाही. खड्ड्यात उतरताना काढून ठेवत जा."

"आणि येळ कोण सांगतलो? मुकादम म्हणता, परत येळ चुकली तर चावी ठेव आणि फावडा घे. खणूच्या गँगीत घालतलो माका."

"मग नवीन घे. मिळतात आता वॉटरप्रूफ."

 नवीन वॉटरप्रूफ घड्याळ घेण्याची त्याची ऐपत नाही हे त्या खुर्चीवरून अण्णांनाही दिसत होतं. त्याने घड्याळ उचललं. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "ठेव ता हयच."

सहदेव दचकला. अण्णा त्याहून जास्त. काकी पडदा बाजूला करून बाहेर आली, हातात चिमटा तसाच. तिचं माहेर मालवणजवळच्या देवबागचं, त्यामुळे सहदेवशी ती त्याच बोलीत बोलली. "सहदेवा, ह्या हाताक बांधूनच खड्ड्यात उतरतस?"

"मग काय तोंडात धरू वैनी?"

काकी हसली. तिने घड्याळ उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "आठ दिवसांनी ये. मी ह्याका पाणी पियाचा इसरूक लावतंय."

त्या दुपारी जेवताना भाऊंनी विषय काढला. गिऱ्हाइकासमोर बाहेर आलीस, भलता शब्द दिलास, आता घड्याळात पाणी शिरलं तर अण्णाचं नाव बुडेल. काकीने वाढता वाढता हात थांबवला. "आणि नाही शिरलं तर?"

"नाही शिरलं तर बस त्या खुर्चीवर. मी बोलणार नाही. पण शिरलं तर पडदा, खुर्ची, उजेड, हा विषय पुन्हा ह्या घरात निघायचा नाही. कबूल?"

"कबूल," काकी म्हणाली. अण्णांना कुणी विचारलंच नाही. त्यांनी आमटी मागितली.

आता काकीने काय केलं ते सांगते. मी रोज तिच्याजवळ बसून पाहिलं आहे आणि ह्याबाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. घड्याळात पाणी तीन वाटांनी शिरतं. काचेच्या कडेने, पाठीच्या झाकणाकडून, आणि किल्ली देण्याची जी गुंडी असते तिच्या दांडीवरून. काचेच्या जागी तिने न फुटणारी नवी काच दाबून बसवली, अशी घट्ट की नख घालायला जागा नाही. दांडीवर सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून चढवली. सायकलवाला विचारत होता, काकी, सायकल कधी घेतलीत? बिजागरी मात्र हटवादी. फट सगळी तिथेच. काकीने ती सोनाराकडून काढून घेतली, डाग देऊन जागा बुजवून घेतली, आणि झाकण नुसतं दाबून बसेल असं कडेने घासून घेतलं.

मग झाकणाची कड भरायची. इथे काकीने जे केलं ते कुठल्याही घड्याळजीने केलं नसतं, कारण कुठल्याही घड्याळजीचा बाप होड्या बांधत नव्हता. काकीचा बांधायचा. देवबागच्या वाळूवर होडी उलटी घालून फळ्यांच्या फटींत कापसाची दोरी ठोकायची, राळ आणि तेल कढवून त्यावर ओतायचं, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने सुताचा एक धागा घेतला, पीळ दिला, राळ, मेण आणि एरंडेल एकत्र वितळवून त्यात बुडवला आणि झाकणाच्या खाचेत गोल बसवला. झाकण दाबलं. कट्ट असा आवाज आला. चामड्याचा पट्टा पाण्याने कुजतो म्हणून मिलिटरीच्या जुन्या पिशवीचं जाड कापड कापून मी पट्टा शिवला. तो पट्टा मी शिवला, हेही लिहून ठेवा.

आठव्या दिवशी अण्णांनी समोरच्या वाण्याकडून लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आणली, पाण्याने भरली आणि टेबलावर ठेवली. सहदेव घड्याळ सोडताना डोळे मिटून घेत होता. घड्याळ तळाला गेलं आणि सेकंदाचा काटा आपला फिरतोच आहे! येणारे जाणारे थांबले. शाळेतून सुटलेली पोरं काचेला नाक लावून उभी. "अण्णा, झकास! काय हात आहे तुमचा!" असं लोक म्हणत होते आणि अण्णा उजवा हात खिशात घालून हसत होते. संध्याकाळपर्यंत घड्याळ पाण्यात राहिलं. भाऊ कचेरीतून आले, बरणीत वाकून पाहिलं, स्वतःच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली आणि चप्पल काढून आत गेले. त्यांच्या तोंडून काही निघालं नाही, म्हणजे काकी जिंकली होती. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी ती खुर्चीवर बसणार असं ठरलं. तिने खुर्चीवरची उशीसुद्धा धुतली.

आणि सोमवारी सकाळी सहदेव आला. मनगट पुढे केलं. काचेच्या आतून दाट वाफ धरली होती. काटे दिसतच नव्हते.

असल्या बातमीला पाय असतात. शनिवारी टाळ्या वाजवणारे तेच लोक सोमवारी दात काढत उभे. "अण्णा, तुमच्या घड्याळाला सर्दी झाली वाटतं! काढा पाजा!" भाऊ कचेरीला निघाले होते, ते दारातच थांबले. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच म्हणाले, पण काकीला ऐकू जाईल असं.

अण्णांचा चेहरा पडला. लोकांकडे बघून ते म्हणाले, "माझ्याकडूनच राहिलं काहीतरी. चूक माझी."

भला विचार होता त्यांचा. बायकोला बोल लागू नये म्हणून अंगावर घेत होते. पण पडदा इतक्या जोरात सरकला की त्याच्या दोन कड्या निसटल्या. काकी बाहेर आली, टेबलाला वळसा घालून रस्त्यासमोर उभी राहिली.

"ह्या घड्याळाला हात मी लावला होता," ती म्हणाली. "ह्यांनी नाही. चूक माझी आहे."

 कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना वहिनी, मदत करताना होतं असं. काकीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सहदेवच्या मनगटावरून घड्याळ सोडवून घेतलं आणि आत गेली.

आत ती अण्णांना काय म्हणाली ते मी ऐकलं. चुलीपाशी होते, कान बंद करून थोडीच बसणार? ती म्हणाली, "चांगलं झालं ते तुमचं झालं. मी कधी अवाक्षर काढलं का? आता चूकसुद्धा तुमचीच? मग ह्या घरात माझं आहे काय?"

 अण्णा बराच वेळ पडद्याच्या निसटलेल्या कड्या बसवत राहिले. हात कापत होता, बसत नव्हत्या.

काकीने घड्याळ उघडलं. मला तिने बोलावलं आणि म्हणाली, "उत्तरा, बघ. धागा कोरडा आहे. कडेला पाण्याचा डाग नाही. बाहेरून थेंबसुद्धा आलेला नाही." मग ती त्या उघड्या डबीकडे बघत बसली. पोळ्या मी केल्या, ती जेवायलाही उठली नाही. दुपार कलल्यावर एकदम कपाळावर हात मारला. "मी होडी केली गं! अगं, होडी वरून उघडी असते. आतली ओल उन्हाने उडून जाते. हे चहूबाजूंनी बंद. आषाढातल्या दमट हवेत मी ह्याचं दार लावलं, ती हवा आत कोंडली, बरणीतल्या कोमट पाण्यात दिसली नाही, आणि खड्ड्यातल्या गार पाण्यात हात गेल्यावर तिचंच पाणी झालं!"

बाहेरचं पाणी तिने अडवलं होतं. आतलं अडवून ठेवलं होतं. होडी बांधणाऱ्याच्या मुलीनेच करावी अशी चूक.

संध्याकाळी तिने हे भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. शब्द म्हणजे शब्द. मग मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, "शब्द पाणी शिरण्याबद्दल होता. पाणी शिरलेलं नाही. कचेरीत असा निकाल देता का तुम्ही?" माझे यजमान माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. भाऊ म्हणाले, "गणपती येईपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही."

पण पावसाळ्यातल्या घाटकोपरात कोरडी हवा आणायची कुठून? मिठाला पाणी सुटत होतं, पापड वातड होत होते, काड्यापेटी चुलीच्या कडेला ठेवावी लागत होती. काकीने डबी शेगडीपाशी धरून पाहिली, पण निवता निवता ओल पुन्हा धरायची. श्रावण लागला. सहदेव बिचारा लोकांना वेळ विचारत कामं उरकत होता आणि मुकादमाची बोलणी खात होता.

गणपतीआधी घराला सफेदी करायची म्हणून भाऊंनी कळीचा चुना आणला होता. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. चार दिवसांनी उघडून पाहतो तर दगडासारखे खडे फुलून पिठूळ झालेले. भाऊ ओरडायला लागले, चुन्याची वाट लावलीत, पाण्याचा हात कुणी लावला? कुणीच लावला नव्हता. काकीने पीठ बोटात चोळून पाहिलं, मग डब्याच्या तळाशी शिल्लक राहिलेले दोन घट्ट खडे उचलून कानाशी लावले, जणू तेही घड्याळच. "भावोजी," ती म्हणाली, "हा हवेतलं पाणी प्यालाय." आणि भाऊ ओरडत असतानाच ती खडे घेऊन आत पळाली.

बिस्किटांचा एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा तिने घेतला. तळाला चुन्याचे ते घट्ट खडे, त्यावर जाळी, जाळीवर फडक्याच्या घडीवर उघडं घड्याळ, म्हणजे चुन्याची भुकटी यंत्रात जाणार नाही. झाकणाच्या कडेने मेण. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस डबा तसाच. मग शेगडीच्या उबेत, भराभर, श्वास दुसरीकडे सोडत तिने धागा बसवला आणि झाकण दाबलं. कट्ट. ह्या वेळी तिने आनंद केला नाही. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकून पीत होती. घड्याळ बरणीत टाकलंच नाही. थंडगार माठाच्या पोटाला रात्रभर बांधून ठेवलं. सकाळी काच लख्ख.

तिने सहदेवला बोलावून ते त्याच्या हातावर बांधलं आणि म्हणाली, "बुडय त्याका. जितक्या बुडवशीत तितक्या."

त्याला मुद्दाम बुडवायची गरज पडली नाही. गोकुळाष्टमीच्या दिवशी असा पाऊस लागला की गल्लीत गुडघाभर पाणी. टेकडीकडच्या मोठ्या व्हॉल्व्हचा खड्डा तुडुंब भरला, चावी आत बसेना, खाली दगड अडकला होता. सहदेव खड्ड्यात उतरला. गळ्यापर्यंत पाण्यात, मग डोकंही आत. वर येई, दम घेई, पुन्हा जाई. लोक सांगत होते, घड्याळ तरी काढून ठेव रे! तो म्हणे, ह्याका काय होता! शेवटी दगड निघाला, चावी फिरली, आणि टेकडीवर पाणी चढलं. वेळेवर चढलं. वेळ बघूनच त्याने चावी फिरवली होती, चिखलाने माखलेला अंगठा काचेवरून फिरवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. एकटा नव्हता. विक्रोळीकडचे, कुर्ल्याकडचे चारपाच चावीवाले बरोबर, प्रत्येकाच्या हातात रुमालात बांधलेलं एकेक मेलेलं घड्याळ. मागे दहीहंडीला निघालेली पोरं, आणि नेहमीचे बघे होतेच. भाऊंना सुट्टी होती, ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सहदेवने मनगट उंच केलं. काचेत एक ठिपकासुद्धा नव्हता आणि काटा आपल्या चालीने फिरत होता.

त्यातल्या एकाने रुमाल सोडून घड्याळ सवयीप्रमाणे अण्णांसमोर धरलं. "अण्णा, माझ्या घड्याळालाही तेच औषध करा ना."

अण्णांनी हात पुढे केला नाही. ते उठून उभे राहिले. आधी त्यांनी निळा पडदा ओढून काढला, घडी केली आणि काचेच्या पेटीवर ठेवला. पडद्यामागे काकी पाटावर बसली होती, दिव्याखाली वाकलेली. एकदम उजेड अंगावर आल्यामुळे तिने डोळ्यांवर हात धरला.

मग अण्णांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो थरथरत होता. लपवायला शिकलेला हात असा उघड्यावर आणलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"घड्याळं माझ्याकडे देऊ नका," ते म्हणाले. "हा हात पाच वर्षांपूर्वीच गेला. ह्यातला मी एक स्क्रूसुद्धा पिळू शकत नाही. हे एकच नव्हे. पाच वर्षांत ह्या टेबलावरून बरी होऊन गेली ती सगळी घड्याळं हिने बरी केलीत. ह्या गल्लीत आज जेवढी चालतायत तेवढी, सगळी."

भाऊंनी पेपर खाली ठेवला, पण एक अक्षर बोलले नाहीत. दिलेला शब्द आठवत असेल. काकी उठली, पदर खोचला आणि पुढे आली. खुर्चीवर बसताना तिने आधी खुर्ची जरा डावीकडे सरकवली, उजेड बरोबर हातावर पडावा म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याची मला लाज वाटली नाही. इतका अभिमान मला पुढे माझ्या मुलांचाही वाटला नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आहे.

आणि समोर रस्त्यावर, जो तो आपापल्या मनगटाकडे बघत उभा होता.